दुपारची वीज दुपारीच वापरण्यासाठी : घर, सोसायटी, दूध संकलन केंद्र आणि शेतपंपाचा भार कसा सरकवावा

अनेक वर्षे महाराष्ट्रातील उद्योजकाला विजेच्या बाबतीत पहिला सल्ला मिळत असे तो रात्रपाळीचा. महावितरणच्या जुन्या वेळनिहाय दररचनेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे दीड रुपया सवलत होती. सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळेत ८० पैसे आणि सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा आकारले जात. ज्यांना शक्य होते ते भट्ट्या, गिरण्या आणि मोठे पंप रात्री चालवीत, आणि तेव्हाच्या परिस्थितीत ते योग्यही होते. जुलै २०२५ पासून लागू झालेल्या रचनेत हे गणित उलटले. सकाळी ९ ते सायंकाळी ५ हा काळ सवलतीचा झाला, उद्योगांसाठी सायंकाळी ५ ते रात्री १२ हा काळ अधिभाराचा झाला आणि मध्यरात्रीची जुनी सवलत गेली. पूर्वी जी सकाळ जादा दरामुळे टाळण्यासारखी होती, तीच आता यंत्र सुरू करण्याची वेळ ठरली आहे. आपल्या सवयी मात्र अजून जुन्याच घड्याळावर चालतात.

हा लेख या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे : घरातील वीजबिल पाहणारी व्यक्ती, सोसायटीच्या समितीवर नुकतेच आलेले सभासद, गावातील दूध संकलन केंद्र चालवणारे आणि दिवसा वीज मिळू लागलेले शेतकरी. सौरऊर्जा प्रकल्प कसा उभारावा हे येथे सांगितलेले नाही. इतरांनी उभारलेल्या प्रकल्पांतून दुपारी येणारी वीज वाया जाऊ नये म्हणून आपला वापर कसा सरकवावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी दिवस समजून घ्यावा

विजेच्या जाळ्यात प्रत्येक क्षणी जेवढी वीज वापरली जाते तेवढीच तयार व्हावी लागते. हा तोल राखला गेला की वारंवारिता, म्हणजे प्रवाहाची सेकंदातील आवर्तने, ५० हर्ट्‌झच्या आसपास राहते. भारतातील नियमानुसार ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात असावी लागते. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागात कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे भार प्रेषण केंद्रे ठरवतात.

सौर वीज या आखणीत स्वतःच्या वेळेने येते. सकाळी ती हळूहळू चढते, मध्यान्हाच्या सुमारास शिखरावर पोहोचते आणि सायंकाळी नेमकी तेव्हा उतरते, जेव्हा घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही आणि वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होतात. दुपारी सौर वीज भरपूर आहे म्हणून चंद्रपूरसारखे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र बंद करून सायंकाळी पुन्हा सुरू करता येत नाही, कारण थंड झालेला संच पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात. त्यामुळे संच चालू ठेवून त्याचे उत्पादन कमी केले जाते. पूर्वी क्षमतेच्या ५५ टक्क्यांखाली ते नेण्याची अपेक्षा नव्हती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याचे लक्ष्य घालून दिले. त्याही खाली जाता आले नाही, तर सौर प्रकल्पालाच उत्पादन कमी करण्यास सांगावे लागते. ऊन पडलेले असते, पॅनेल स्वच्छ असतात, भांडवल गुंतलेले असते आणि वीज मात्र घेतली जात नाही. या क्षेत्रातील इतकी व्यर्थ हानी दुसरी कोणती असेल असे मला वाटत नाही.

सायंकाळची चढण भागवायला आपल्याकडे कोयना आहे. १,९६० मेगावॅटच्या या प्रकल्पातील जनित्रे अल्पावधीत सुरू होतात. परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येणाऱ्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे, म्हणून ते पाणी जपूनच वापरावे लागते. दुसरा मार्ग घाटघरचा आहे. तेथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज जास्त असते तेव्हा खालच्या धरणातील पाणी वर चढवायचे आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवायची, असे त्याचे काम चालते.

ही कल्पना नीट लक्षात घ्यावी, कारण पुढील सर्व पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. आपल्या इमारतीच्या गच्चीवरील टाकी हे अर्धे घाटघर आहे. तिच्यातून वीज परत मिळत नाही हे खरे, परंतु दुपारी भरलेली टाकी सायंकाळी पंप लावण्याची गरज टाळते, आणि जाळ्याच्या दृष्टीने सायंकाळी न वापरलेले एक युनिट हे सायंकाळी तयार केलेल्या युनिटाइतकेच मोलाचे असते. टाकी तर आधीच बांधलेली असते. तिच्यासाठी नवे धरण लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही.

हे भारनियमन नव्हे

वापराची वेळ बदलण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रातील अनेकांना भारनियमनाचे दिवस आठवतात आणि ती धास्ती खरी आहे. दोहोंतील फरक सुरुवातीलाच स्पष्ट असावा. भारनियमनात वीज तोडली जाते आणि घरातील सर्व उपकरणे एकदम बंद पडतात. लवचिक मागणीत कोणते काम पुढे-मागे करायचे हे ग्राहक स्वतः ठरवतो, त्याला वेळ आधी ठाऊक असते आणि त्याचा मोबदला सवलतीच्या रूपाने बिलात मिळतो.

ग्राहकांच्या सहभागाने तोल साधण्याचा प्रयोग महाराष्ट्राला अगदी नवा नाही. २००६ साली पुण्यातील उद्योगांनी टंचाईच्या वेळी आपल्याकडील डिझेल जनित्रे चालवून जाळ्यावरचा भार हलका केला, त्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांच्या बिलांतून भागवला गेला आणि शहराचे भारनियमन टळले. डिझेलचा धूर वगळता त्या व्यवस्थेतील समजूतदारपणा आजही उपयोगी आहे. आणखी एक प्रसंग सर्वांना आठवत असेल. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे बंद करण्यात आले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली. मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी आणि त्यांच्या जोडीला इतर केंद्रांनी तसाच चढउतार करून जाळे सांभाळले. घरातील दिव्याचे एक बटण एकेकटे क्षुल्लक असले, तरी ठरलेल्या वेळी सर्वांनी हलवले तर त्याचे वजन किती होते, हे त्या रात्री मोजले गेले.

पहिली पायरी : आपला मीटर आणि आपले बिल

वेळनिहाय सवलत मिळण्यासाठी मीटरला वेळ कळली पाहिजे. जुना मीटर महिन्याचे एकूण युनिट सांगतो, ते दुपारचे की रात्रीचे हे त्याला सांगता येत नाही. स्मार्ट मीटर किंवा टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळनिहाय) मीटर ठरावीक अंतराने वापराची नोंद ठेवतो. आपल्याकडे तो आहे का, हे बिलावरून किंवा वितरण कंपनीच्या मोबाइल अॅपवरून प्रथम पाहावे.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, आणि कमाल मागणीच्या तासांत व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी तो किमान १.२० पट, तर इतरांसाठी किमान १.१० पट असावा, असे अपेक्षित आहे. दिवसातील आठ तास सौर तास म्हणून राज्य वीज नियामक आयोगाने ठरवायचे असतात. प्रत्यक्ष दर राज्य आयोगाच्या आदेशाने ठरतो. महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैसे सवलत जाहीर झाली. दर आदेशागणिक बदलतात, मुंबईत वितरण कंपनीही वेगळी असू शकते, म्हणून पुढे दिलेली उदाहरणे पद्धतीसाठी वाचावीत आणि दर स्वतःच्या ताज्या बिलावरचाच घ्यावा.

बिल वाचताना एक गोष्ट वेगळी काढावी. स्थिर आकार वेळ बदलल्याने कमी होत नाही. सवलत वीज आकारात दिसते. ती दिसत नसेल, तर कामाच्या वेळा बदलण्यापूर्वी वितरण कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारणा करून घ्यावी. सवलतीविना महिनाभर शिस्त पाळून नंतर हिरमोड झालेली माणसे मी पाहिली आहेत.

दुसरी पायरी : आठ दिवसांची वही

यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. आधी आठ दिवस एका वहीत कोणते उपकरण किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता बंद झाले ते लिहावे. उपकरणाच्या पाटीवर वॅट किंवा हॉर्सपॉवर दिलेली असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. त्याला तासांनी गुणले की युनिटांचा अंदाज येतो. पंपाची प्रत्यक्ष ओढ मोटरच्या कार्यक्षमतेनुसार थोडी जास्त धरावी. अॅपवर तासागणिक वापर दिसत असेल तर वही आणि अॅप ताडून पाहावे. दोहोंत मोठा फरक आढळला, तर बहुधा एखादे उपकरण आपल्या नजरेतून सुटलेले असते. सोसायट्यांमध्ये हे उपकरण अनेकदा सांडपाणी प्रकल्पाचा ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारे यंत्र, असतो.

नोंदी झाल्यावर प्रत्येक उपकरणापुढे एकच प्रश्न लिहावा : हे काम तीन तास आधी किंवा नंतर झाले तर कोणाचे काय अडते? दिवे, पंखे, लिफ्ट, स्वयंपाक, रुग्णाची उपकरणे आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळेतील वीज यांना हात लावू नये. त्यांच्यावर बचतीचा ताण आणला की घरातील माणसे चौथ्या दिवशी सगळाच प्रयत्न सोडून देतात. कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप, वाहनाचे चार्जिंग, घरघंटी आणि बर्फ किंवा थंडावा साठवणारी यंत्रे यांच्यापुढे मात्र बहुतेक वेळा ‘काही अडत नाही’ असेच उत्तर येते.

गिझरबाबत थोडे थांबून विचार करावा लागतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. सकाळी सहाच्या अंघोळीसाठी ते आदल्या दुपारी तापवून ठेवले, तर रात्रभर उष्णता टाकीतून झिरपत राहते आणि मिळालेली सवलत त्यात खर्ची पडू शकते. म्हणून पहाटे अंघोळ करणाऱ्या घरांनी गिझरची वेळ बदलण्याचा हट्ट धरू नये. ज्या घरात काही माणसे ९ नंतर अंघोळ करतात, तेथे त्यांच्यापुरता बदल सहज होतो.

घरगुती पातळीवर पैशांची बचत किती होते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दिवसाला तीन युनिटांचा वापर सौर तासांत आणला, तर ८० पैसे दराने महिन्याला ७२ रुपये आणि त्यावरचे वीज शुल्क एवढा फरक पडतो. रक्कम मोठी नाही. तरीही हा बदल करावा असे मला मनापासून वाटते, कारण एका फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एका वाहिनीवरच्या, हजार घरांनी तो केला तर सायंकाळच्या मागणीतून रोज तीन हजार युनिट बाजूला होतात.

तिसरी पायरी : साठवण शोधावी

भार सरकवण्याची खरी ताकद साठवणीत असते. साठवण म्हणजे बॅटरीच असे समजण्याचे कारण नाही. पाणी, थंडावा, दळलेले पीठ, ओली झालेली जमीन, भरलेले वाहन ही सर्व दुपारच्या विजेची साठवण आहे.

सोसायटीचे उदाहरण जवळून पाहू. ४८ सदनिका, प्रत्येकी सरासरी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर पाणी धरले, तर दिवसाची गरज सुमारे २६ हजार लिटर होते. आमच्या इमारतीत एवढ्याच सदनिका आहेत, गच्चीवरील टाकी २० हजार लिटरची आहे आणि साडेसात हॉर्सपॉवरचा पंप दिवसाला साधारण तीन तास चालतो. पूर्वी तो सकाळी सहाला एक तास आणि सायंकाळी सातला दोन तास चालत असे. आम्ही तो अकरा वाजता एकदाच तीन तास चालवण्याचे ठरवले आणि चूक तेथेच झाली. दोनपर्यंत टाकी काठोकाठ भरे, परंतु दुपारची धुणी-भांडी आणि सायंकाळचा वापर होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, म्हणजे शाळा-कार्यालयांच्या गर्दीत, नळ कोरडे पडत. तीन दिवसांत सभासदांचा रोष ओढवला. उपाय साधा निघाला. अकराला पहिला भर आणि पावणेचारला दुसरा भर अशी विभागणी केली. त्यामुळे पाचच्या आत टाकी पुन्हा काठोकाठ होऊ लागली आणि पाच ते दुसऱ्या दिवशी नऊ या सोळा तासांची गरज त्यात भागली. या अनुभवातून आम्ही एक नियम घेतला : साठवण सौर तास संपता संपता भरलेली असावी, ती सकाळी भरून उपयोग नाही.

पंपाची ओढ ताशी साडेसहा युनिटांच्या आसपास धरली, तर तीन तासांचे सुमारे १९ युनिट होतात. सोसायटीच्या सामायिक जोडणीला घरगुती सवलत लागू असेल, तर ८० पैसे दराने महिन्याला साडेचारशे रुपयांच्या आसपास बचत होते. त्यासाठी लागलेले साहित्य म्हणजे एक डिजिटल टायमर, पंपाच्या स्टार्टरला जोडलेला कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर मोटरचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) आणि दोन्ही टाक्यांत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा). फ्लोट स्विच वगळून नुसता टायमर बसवू नये. खालची टाकी रिकामी असताना टायमरने पंप सुरू केला तर तो कोरडा चालून मोटर जळते आणि मग वर्षाची बचत एका दुपारीत जाते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

दूध संकलन केंद्राचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. सायंकाळचे दूध सहा ते आठच्या दरम्यान येते, म्हणजे नेमके कमाल मागणीच्या वेळी, आणि दूध थांबू शकत नाही. १,००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणण्यासाठी त्यातून सुमारे ३५ किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. शीतकरण यंत्र थेट चालवले तर त्याला साधारण १२ युनिट वीज लागते आणि ती सर्व सायंकाळी लागते. ज्या केंद्रावर बर्फ साठवणारी टाकी, म्हणजे आइस बँक असते, तेथे हेच काम दुपारी करून ठेवता येते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणून वर सांगितलेल्या दुधासाठी पावणेचारशे किलोच्या आसपास बर्फ पुरतो. सायंकाळी फक्त बर्फगार पाणी फिरवणारा छोटा पंप चालतो. बर्फ करताना यंत्राला अधिक थंड तापमानावर काम करावे लागते, त्यामुळे एकूण युनिट काहीसे जास्त लागतात हे विसरू नये. हिशेब करताना दुपारच्या स्वस्त दराने हे जादा युनिट आणि सायंकाळच्या महाग दराने थेट वापर, असे दोन्ही आकडे समोरासमोर मांडावेत. सौर तासांची सवलत आणि सायंकाळचा अधिभार दोन्ही लागू असलेल्या जोडणीत बहुधा बर्फाची बाजू वरचढ ठरते. शिवाय सायंकाळी वीज गेली तरी दूध नासत नाही, आणि माझ्या मते ग्रामीण केंद्रासाठी हाच फायदा मोठा आहे.

शीतगृहात हेच तत्त्व लागू होते, परंतु मालानुसार सावधगिरी बदलते. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली असतात, त्यांना दुपारी आणखी थंड करून ठेवण्याला जवळजवळ वाव नाही, कारण मणी गोठण्याचा धोका असतो. तासगाव-सांगलीकडील शीतगृहांत साठवलेला बेदाणा याबाबतीत अधिक सोशिक आहे. तेथे दुपारी तापमान अंश-दीड अंश खाली नेऊन सायंकाळी कॉम्प्रेसर काही काळ थांबवणे शक्य होते. एका कक्षात आठवडाभर चाचणी घ्यावी, दरवाजाजवळ आणि मागच्या भिंतीजवळ असे दोन ठिकाणी तापमान लिहावे आणि माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्याची कल्पना द्यावी.

विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी साधारण तीन युनिटांची असते. घरी परतल्यावर सात वाजता प्लग लावण्याची सवय सर्वांत वाईट. कामाच्या ठिकाणी दिवसा चार्जिंगची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर चार्जर मध्यरात्रीनंतर सुरू होईल असे पाहावे. मध्यरात्रीनंतर सौर सवलत मिळत नाही, परंतु सायंकाळची चढण तरी टळते.

चौथी पायरी : सगळे एकाच वेळी सुरू करू नये

दुपार स्वस्त आहे म्हणून सर्व यंत्रे नऊ वाजून एका मिनिटाने सुरू केली, तर नवीनच शिखर तयार होते. लघुउद्योग आणि मोठ्या सोसायट्यांसाठी याचा थेट आर्थिक फटका असतो, कारण मागणी आकार कमाल मागणीवर लागतो. मंजूर मागणीच्या पुढे गेल्यास दंडात्मक आकारही बसतो. म्हणून यंत्रांची सुरुवात अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे करावी. मोठी यंत्रे अकरा ते तीन या वेळेत असावीत, लहान यंत्रे त्याच्या दोन्ही बाजूंना. इचलकरंजीच्या यंत्रमागासारख्या सतत चालणाऱ्या कामात एवढी मुभा नसते. तेथे साइझिंग (सुताला खळ देणे), कॉम्प्रेसर आणि पाणी तापवणे यांसारख्या जोडकामांपासून सुरुवात करावी.

पाचवी पायरी : शेतपंप

महाराष्ट्रातील सर्वांत मोठी लवचिक मागणी शेतात आहे. लाखो कृषिपंपांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने कधी दिवसा तर कधी रात्री थ्री-फेज वीज मिळत आली. जुन्नरसारख्या भागात बिबट्याच्या आणि सर्वत्र सापाच्या भीतीत रात्रीचे पाणी देणारा शेतकरी दिवसा विजेची मागणी कित्येक दशके करीत होता. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने त्या मागणीची सांगड सूर्याशी घातली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या कृषी वाहिन्यांना दिवसा द्यायची, अशी ही रचना आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते झाले. येथे जमीन हीच साठवण आहे : मंगळवारी दुपारी दिलेले पाणी पिकाला बुधवारी आणि गुरुवारीही पुरते.

शेतकऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी करायच्या असतात. पहिली ऑटोस्विचबद्दल आहे. वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून तो बसवलेला असतो. रात्री वीज केव्हा येईल हे ठाऊक नसताना तो उपयोगी होता. परंतु एका डीपीवरचे (रोहित्रावरचे) वीस पंप एकाच क्षणी सुरू होतात तेव्हा प्रत्येक मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, दाब कोसळतो, मोटरी घुमत राहतात आणि शेवटी डीपी जळते. ऐन हंगामात डीपी जळाली की पुढचे आठवडे कसे जातात हे शेतकऱ्याला सांगायला नको. दिवसाची वेळ निश्चित झाली असेल तर ऑटोस्विच काढावा, किंवा प्रत्येक पंपाला वेगवेगळ्या मिनिटांचा विलंब ठरवून द्यावा. डीपीवरच्या सर्वांनी एकत्र बसून क्रम लावला तर हे काम एका सायंकाळचे आहे. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवला की प्रवाह आणखी कमी होतो.

दुसरी गोष्ट शेततळ्याची. ज्यांच्याकडे अस्तर घातलेले शेततळे आहे त्यांनी विहिरीतील पाणी भर उन्हाच्या वेळी तळ्यात चढवावे आणि ठिबक सकाळी लवकर गुरुत्वाने किंवा लहान पंपाने चालवावे. मोठी मोटर सौर तासांत चालते आणि पिकाला पाणी त्याच्या वेळी मिळते.

ऋतू बदलला की वेळापत्रक तपासावे

वरचे सर्व वेळापत्रक निरभ्र दिवसांचे आहे. जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे सौर वीज घटते आणि त्याच महिन्यांत साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर, सांगलीच्या ढालगावकडे आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या जोरात फिरतात. वारा रात्रीही वाहतो. त्याच सुमारास शेतपंपांची गरजही बरीच कमी झालेली असते. बिलातील सवलतीचे तास वर्षभर तेच असले, तरी सोसायटीने पावसाळ्यात टाकीचा दुसरा भर थोडा लांबवला तर फारसे बिघडत नाही. मार्च ते मे हा काळ मात्र काटेकोरपणाचा. तेव्हा दुपारी ऊन सर्वाधिक असते आणि सायंकाळी वातानुकूलन यंत्रांची मागणीही सर्वाधिक असते. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटवर गेली ती याच उन्हाळ्यात. या महिन्यांत ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे आणि दुपारी माणसे घरात असतात, त्यांनी चार ते पाच या वेळेत खोली चांगली गार करून, पडदे ओढून, पाचनंतर यंत्राचे तापमान २६ अंशांवर ठेवावे. छताखालची खोली लवकर तापते, तिच्यासाठी हा उपाय तेवढा लागू पडत नाही.

शेवटी टायमरची काळजी. स्वस्त टायमरमध्ये आतली बॅटरी नसते किंवा ती वर्ष-दीड वर्षात संपते. त्यानंतर वीज गेली की घड्याळ तेवढेच मागे पडते. वळवाच्या पावसात तीन-चार वेळा वीज गेली की अकराचा पंप दीडला आणि पावणेचारचा पंप सव्वासहाला लागू लागतो, आणि महिनाअखेर बिल येईपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. टायमरवर पंप सुरू होण्याच्या वेळांची चिठ्ठी चिकटवावी, सुरक्षारक्षकाला ती समजावून सांगावी आणि दर सोमवारी मोबाइलच्या घड्याळाशी टायमर जुळवून घ्यावा.